गोडी गेल्यावर उरतो तो आंबा

रात्री दोनच्या सुमारास तळघरातून धप्पकन आवाज आला. मॅडिसनमध्ये तळघरात रकून शिरणं ही काही नवलाची गोष्ट नाही, म्हणून हातात झाडू घेऊनच खाली उतरलो. दिवा लावला. रकून नव्हता. छताला, भिंतीला, वॉशिंग मशीनला आणि दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या साडीला हापूसचा रस लागला होता. प्लास्टिकच्या मोठ्या बादलीचं दाबून बसवलेलं झाकण पार कोपऱ्यात जाऊन पडलं होतं आणि बादली अजून फसफसतच होती. जिन्याच्या वरच्या पायरीवरून आईनं विचारलं, “एवढा रस कुणासाठी काढला होतास रे?”

आई सहा महिन्यांसाठी विस्कॉन्सिनला आली होती. मी घरी बिअर करतो हे तिला सांगायचं मी टाळत आलो होतो. त्या रात्री सांगावंच लागलं.

सकाळी चहा घेताना तिनं सगळं नीट विचारून घेतलं. जव भिजवायचे, मोड आले की वाळवायचे, हलके भाजायचे, त्याला माल्ट म्हणतात, इथवर आलो तर ती म्हणाली, “म्हणजे नाचणीचं सत्त्वच की.” हे माल्ट भरडून पासष्टेक अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की मोडांमधली विकरं पिठाची साखर करतात. मग ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्ट सोडायचं. उकळीनंतर जे जे भांडं लागेल ते निर्जंतुक हवं, हे सांगायची वेळच आली नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू न देणाऱ्या बाईला ते सांगणं आगाऊपणाचं ठरलं असतं. “पण एवढं गच्च झाकण कशाला लावायचं?” तिनं विचारलं. “दादरा बांधायचा.”

चूक तिला बरोबर सापडली होती. झाकणाला वायू बाहेर जाण्यासाठी बोटाएवढी नळी होती, पण आंब्याच्या गरानं ती बुजली. मी १९ लिटर गव्हाच्या बिअरमध्ये हापूसच्या रसाचे चार डबे ओतले होते, प्रत्येकी ८५० ग्रॅमचे. आंब्यात १०० ग्रॅमला सुमारे १४ ग्रॅम साखर असते. म्हणजे डब्यात वरून घातलेली साखर सोडली तरी पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास साखर झाली. यीस्ट साखर खातं तेव्हा निम्म्याचं अल्कोहोल होतं आणि निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. हिशेब केला तर एकट्या आंब्यातून सव्वाशे लिटर वायू निघणार होता. तो एका बुजलेल्या नळीतून कसा जावा?

साडी दोनदा धुतली. डाग गेला नाही.

बादलीत उरलं होतं ते तीन आठवड्यांनी चाखलं आणि खरा धक्का तेव्हा बसला. त्यात आंबा नव्हता. रंग गढूळ पिवळा, चव जराशी आंबट, मागून कैरीच्या सालीसारखा तुरटपणा. साडेतीन किलो हापूस गेला कुठे?

साखर जाते, मग काय राहतं?

फळ घालून बिअर करणारा प्रत्येक हौशी माणूस या प्रश्नाशी एकदा तरी अडखळतो. आपण फळाची ओळख जिभेवरच्या गोडीनं करून घेतलेली असते. फळातली साखर म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि सुक्रोज, आणि यीस्टला या तिन्ही आवडतात. माल्टमधल्या काही गुंतागुंतीच्या साखरा त्याला पचत नाहीत, म्हणून साध्या बिअरला थोडं अंग राहतं. फळाची साखर मात्र ते शेवटच्या कणापर्यंत संपवतं. गोडीमागे दडलेली आम्लं मग उघडी पडतात. चहात साखर घालायची राहून गेली की तो चहाच वाटत नाही, तशातला हा प्रकार.

साखरेखालोखाल फळाची ओळख म्हणजे वास, आणि वास उडून जाणारा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच संशोधन झालं आहे. कैरीचा हिरवट, चिकाळ वास येतो तो टर्पीन वर्गातल्या हलक्या रेणूंचा. आंबा पिकायला लागला की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गातली संयुगं वाढतात, आणि आपण ज्याला हापूसचा वास म्हणतो त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. सव्वाशे लिटर वायू बुडबुड्यांनी वर येत असेल तर हलके वास तो बरोबर घेऊनच जाणार. त्या रात्री माझ्या तळघराला आमराईचा वास येत होता याचा अर्थ एवढाच की बादलीत तो उरत नव्हता.

हा वास हॉप्सच्याही घरात असतो, हे मला पुढे कळलं. हॉप्सच्या तेलात मर्सीन नावाचं टर्पीन भरपूर असतं आणि तेच आंब्यातही सापडतं. सिट्रा आणि मोझॅइक या अमेरिकन हॉप्सच्या जाती चोळून हुंगल्या तर आंब्याची आठवण होतेच होते. बाजारातल्या कितीतरी बिअरना आंब्याचा वास येतो, पण त्यांनी आंबा पाहिलेलासुद्धा नसतो.

दोन गावांच्या चेरी

माझ्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर न्यू ग्लॅरस नावाचं गाव आहे. १८४५ साली स्विस लोकांनी ते वसवलं. तिथे डेबोरा आणि डॅन कॅरी या जोडप्यानं १९९३ मध्ये ब्रुअरी काढली. त्यांची बिअर विस्कॉन्सिन राज्याबाहेर विकत नाहीत. शिकागोहून लोक गाडीची डिकी भरून घेऊन जातात. त्यांची ‘विस्कॉन्सिन बेल्जियन रेड’ डोर काउंटीतल्या माँमॉरन्सी जातीच्या आंबट चेरींची असते, आणि पाऊण लिटरच्या एका बाटलीमागे एक पौंडाहून जास्त चेरी वापरतात. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ग्लासात ओतली की लाल सरबतासारखी दिसते आणि लागतेही गोड. चेरीच्या आंबटपणाला ती गोडी तोलून धरते. माझ्या मित्रमंडळींत बिअर न आवडणारे सगळे ही बिअर आवडीनं पितात.

बाटलीवरच्या नावात ‘बेल्जियन’ का, याचं उत्तर शोधत मी एका सुट्टीत ब्रसेल्सला गेलो. अँडरलेख्ट भागातल्या एका साध्या रस्त्यावर कांतियाँ ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी आहे. १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही खुली आहे. आत शिरलं की जुन्या लाकडाचा, ओलसर दगडाचा आणि आंबट काहीतरी मुरल्याचा वास येतो. कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टकं. ती कुणी काढायची नाहीत, असा तिथला दंडक. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून कोळ्यांना अभय.

इथल्या लांबिक बिअरमध्ये विकतचं यीस्ट घालत नाहीत. धान्यात साधारण तिसरा हिस्सा मोड न आणलेला गहू असतो. हॉप्स मुद्दाम जुने, वास गेलेले वापरतात, कारण कडूपणा नको असतो, फक्त नासवणाऱ्या जंतूंना अटकाव हवा असतो. उकळलेला रस पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या उथळ, रुंद, उघड्या परातीत रात्रभर निवत ठेवतात. वाऱ्याबरोबर आणि लाकडाच्या फटींतून जे सूक्ष्मजीव येतील ते येतील. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत होतं, उन्हाळ्यात नको ते जीव जास्त येतात. पुढे पिंपांत वर्षानुवर्षं मुरत असताना ब्रेटॅनोमायसीस नावाचं हट्टी यीस्ट हळूहळू काम करतं. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लॉसेन यांनी ते इंग्लिश बिअरमध्ये ओळखलं. त्याच्या एका जातीचं नावच ब्रसेल्सवरून पडलं आहे.

दीडदोन वर्षं मुरलेल्या या बिअरमध्ये चेरी घालतात, लिटरमागे साधारण २०० ग्रॅम, आणि बियांसकट. चेरीची साखर मिळाली की झोपी गेलेली पिंपं पुन्हा जागी होतात. काही महिन्यांनी चेरीचा गर पार विरघळलेला असतो, साल आणि बी तेवढी राहते. बियांमधून बदामासारखा वास उतरतो. ही ‘क्रीक’. फ्लेमिश भाषेत आंबट चेरीचं हेच नाव. शारबेक या ब्रसेल्सच्या उपनगरातली चेरी एकेकाळी यासाठी नावाजलेली होती आणि तिथले शेतकरी ती गाढवांवर लादून बाजारात आणत, म्हणून शारबेकला आजही गाढवांचं गाव म्हणतात. शहर वाढलं, बागा गेल्या. आता क्रीकसाठीची बरीच चेरी पोलंडसारख्या देशांतून येते.

मी पहिला घोट घेतला तेव्हा तोंड वाकडं झालं. गोडीचा मागमूस नाही. लिंबासारखी आंबट, कोरडी. पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जिभेनं गोडी शोधायचं सोडलं आणि मग चेरी समोर आली. तिची साल, तिचा देठ, तिची बी, सगळंच. न्यू ग्लॅरसच्या बाटलीत लिटरमागे या तिप्पट चेरी असते आणि ती चवीला चेरीच लागते. इथे चेरी कमी होती आणि गोडीचं पांघरूणही नव्हतं, तरी ती जास्त खोलवर कळत होती. दोन्ही उत्तम. पण माझ्या आंब्याच्या प्रश्नाचं उत्तर अँडरलेख्टमध्ये होतं.

कौटिल्याची परवानगी, कार्टरची परवानगी

फळ आणि धान्य एकत्र आंबवणं ही हौशी लोकांनी काढलेली नवी टूम नाही. चीनमधल्या हेनान प्रांतात जिआहू इथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवरच्या डागांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तांदूळ, मध आणि फळ यांचे अंश होते. बिअर म्हणजे जव, हॉप्स आणि पाणी एवढंच, हा बव्हेरियाचा नियम १५१६ सालचा, म्हणजे अगदी अलीकडचा म्हणायचा.

आपल्याकडे तर थेट आंबाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर वेगळा अध्याय आहे. तांदूळ, पाणी आणि किण्व यांची मापं त्यात दिली आहेत. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘किण्वन’ याच किण्वावरून आलं. सुरेचे प्रकार सांगताना तिथे ‘सहकारसुरा’ येते. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना आठवतो, संस्कृतात मात्र सहकार म्हणजे सुवासिक आंबा. धान्याच्या सुरेला आंब्याची जोड द्यायची कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या इथल्या कुणाला तरी सुचली होती आणि ती इतकी रुळली होती की सरकारी कारभाराच्या ग्रंथात तिची नोंद झाली.

त्याच अध्यायातली आणखी एक तरतूद मला फार आवडते. सुरेवर राज्याचं कडक नियंत्रण, पण कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्याला श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायला मोकळीक. सण, मेळे, यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूट.

अमेरिकेला ही मोकळीक द्यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तिथली दारूबंदी १९२० ला सुरू झाली आणि १९३३ ला उठली. त्यानंतर घरी वाइन करायला कायद्यानं हरकत राहिली नाही, बिअर मात्र राहून गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरच्या वापरापुरती बिअर करायला केंद्राची मुभा मिळाली. एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघांच्या किंवा जास्तीच्या घराला २००, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. विकायची नाही. राज्यांनी आपापले कायदे सावकाश बदलले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये तयार झाली. १९७८ मध्येच कोलोरॅडोतल्या बोल्डरला चार्ली पॅपेझियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन काढली. आज अमेरिकेत गल्लोगल्ली दिसणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्यांचे कितीतरी मालक आधी माझ्यासारखेच तळघरात बादल्या सांभाळत होते.

ताज्या हापूसची अमेरिकावारीही सरकारी सहीवरच अडलेली होती. २००६ मध्ये अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा आंब्याचा विषय निघाला आणि २००७ मध्ये पहिल्या पेट्या इथे उतरल्या. मूळ कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात त्यांच्यावर किरणांची प्रक्रिया झाली होती. त्या पेटीचा भाव ऐकून ती बिअरमध्ये घालायची कुणाची छाती होणार नाही. आमची भिस्त डब्यावर.

तीन खेपांचा धडा

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करून रस उकळत्या बिअरमध्येच घातला. जंतूंची भीती नको म्हणून. फळ उकळलं की त्यातलं पेक्टिन सुटतं. जॅम धरतो तो याच पेक्टिनमुळे. बिअर कायमची गढूळ झाली आणि वास आला साखरांब्याचा. आईनं हुंगून सांगितलं, “वेलची राहिली.”

तिसऱ्या खेपेला अँडरलेख्टमध्ये पाहिलं ते केलं. आधी बिअर होऊ दिली, फळ मागाहून घातलं. दहा दिवसांत मुख्य किण्वन संपतं. तोवर पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार झालेलं असतं, आम्लता वाढलेली असते, हॉप्स असतात. अशा जागी ऐऱ्यागैऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. यीस्ट दमलेलं असतं, त्यामुळे फळाची साखर ते सावकाश खातं आणि वायूचा लोंढा येत नाही. वास जागेवर राहतो.

बाकीचे नियम हे काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतात. ताजं फळ असेल तर धुऊन, चिरून आधी फ्रीझरमध्ये गोठवायचं. बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात आणि वितळलं की रस आपोआप सुटतो. गढूळपणा नको असेल तर पेक्टिन तोडणारं विकर चमचाभर घालायचं. डब्यातला रस असेल तर लेबल वाचायचं. सॉर्बेट किंवा बेन्झोएट असेल तर तो डबा परत फडताळात, कारण यीस्टला रोखण्यासाठीच ते घातलेलं असतं. रासबेरी उग्र, तिला लिटरमागे १०० ग्रॅम पुरे. चेरीला दीडदोनशे. आंबा आणि पीच सौम्य, त्यांना २०० ते ३०० ग्रॅम लागतात. स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, पण रंग आणि वास दोन्ही लवकर सोडते. कलिंगड तर जवळजवळ पाणीच.

आणि बाटलीत भरण्याची घाई नाही. बिअरची घनता मोजायला हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते. तिचं माप लागोपाठ तीन दिवस तेच आलं तरच साखर संपली असं समजायचं. मग फेस येण्यापुरती लिटरमागे सहासात ग्रॅम साखर घालून बूच लावायचं. माझ्या पहिल्या खेपेतल्या आंब्याची साखर लिटरमागे २५ ग्रॅम होती. ती बाटलीत बंद केली असती तर साडीवर भागलं नसतं, काचा डोळ्यांत गेल्या असत्या. फळाच्या बिअरमधला सगळ्यात मोठा धोका तो हाच, आणि बाटल्या फुटल्याची एक तरी गोष्ट घरी बिअर करणाऱ्यांच्या प्रत्येक मंडळाकडे असते.

तिसऱ्या खेपेत मी साडेचार किलो रस घातला, दोन आठवडे ठेवला, शेवटी सिट्रा हॉप्सची मूठ टाकली. बिअर गोड नव्हती. जिभेला आधी आंबट लागायची, मग थोडी कडू. आई पीत नाही. तिनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आढीचा वास आहे.”

रत्नागिरीच्या आजोळी माळ्यावर गवतात घातलेल्या आढीपाशी गेलं की आंबा खायच्या आधी भेटायचा तो असा. तिथे गोडीचा संबंध नसतो. नुसता वास असतो.

आणि महाराष्ट्रात?

हे वाचून कुणी घरी पिंप मांडणार असेल तर थांबावं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. कौटिल्यासारखी घरच्या कार्याची सवलत त्यात नाही. परवाना घेऊन काम करणारे आहेत. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं आणि मायक्रोब्रुअरी हा शब्द मराठी बोलण्यात आला. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्सनं मीठ आणि कोकम घालून बिअर केली. जर्मनीत मीठ आणि धणे घातलेली ‘गोझ’ नावाची आंबट बिअर पूर्वापार आहे, त्यामुळे हे धाडस वाटलं तरी परंपरेला धरूनच आहे. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला तर ते ओळखीचंच.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस अजूनही बाहेरून यीस्ट न घालता हवेतल्या आणि फळावरच्या जिवांवर आंबतो, लांबिकसारखाच. पुढे त्याची हुर्राक आणि फेणी गाळतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जांभूळ, करवंद, तोरण, कोकम ही आपली फळं आंबट-तुरट आहेत म्हणून गोडाच्या बाजारात मागे पडली. बिअरला हवी असतात ती अशीच फळं, साखर गेल्यावरही ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरतं. एखाद्या परवानाधारकानं सह्याद्रीतल्या करवंदांवर दोन हंगाम खर्च केले तर ते वाया जाणार नाहीत, असं मला वाटतं.

तोवर वाचकांना एक सांगणं. पुढच्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईत कुठे आंब्याची बिअर समोर आली आणि ती गोड लागली, तर देणाऱ्याला विचारा, फळ कधी घातलं होतं? किण्वन चालू असताना, संपल्यावर, की ग्लासात ओतताना सिरप म्हणून? उत्तर शेवटचं असेल तर तुम्ही आंब्याची बिअर पीत नाही आहात, बिअरमध्ये आंब्याचं सरबत पीत आहात. त्यात वाईट काही नाही, पण त्याचे पैसे सरबताच्या भावानं द्यावेत.